बत्तिसावा प्रश्न

६ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. मी घर सोडल्यावर अकरा महिन्यांनी चार ओळी, आणि त्यातली एक वकिलाच्या फोन नंबरची! ठकूचा ताबा वहिनीने मागितला आहे, दहा मार्चला सुनावणी आहे, आणि पोलिसांना गेल्या वर्षी जे सांगितलं तेच मी तिथे येऊन पुन्हा सांगायचं आहे. फरशी ओली होती. वहिनीचा पाय घसरला. ती जिन्यावरून पडली. मी माझ्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची तयारी करत होते. "तुला बोलायला शिकवायला नको," असं वर लिहिलंस. नकोच. हजार माणसांसमोर कागद हातात न घेता दोन तास बोलणारी बाई मी. चार वाक्यं काय जड आहेत?

येईन.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू आवाज चढवतोस, मग मीही चढवते. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

मी काय करते ते विचारलं नाहीस, तरी सांगते. कॉलेजातल्या तासांखेरीज एक काम घेतलंय. मणक्याला मार बसलेल्या माणसांचं केंद्र आहे, तिथे. परदेशात तयार झालेली एक प्रश्नावली आहे, चाळीस प्रश्नांची. रुग्ण किती सावरला हे डॉक्टरने न ठरवता रुग्णाने स्वतः सांगायचं, त्यासाठी. ती आपल्या भाषेत आणायची. मी अनुवाद करायचा. मग ज्याने मूळ कागद पाहिलेलाच नाही अशा माणसाने माझा अनुवाद उलटा मूळ भाषेत न्यायचा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. मी कुठे काय गाळलं, कुठे काय घुसडलं, ते उघडं पडतं. नंतर रुग्णांना प्रश्न विचारायचे, आणि पंधरा दिवसांनी त्याच रुग्णांना तेच प्रश्न पुन्हा. माणसाची तब्येत तीच असेल तर उत्तरही तेच यायला हवं. येत नसेल तर प्रश्न कुचकामी, काढून टाका.

इथली माणसं पाहिलीस तर तुझी झोप उडेल. एक क्रेनवाला आहे. संपाच्या दिवसांत फाटकाशी उभा होता, म्हणून आठ जणांनी त्याला लोखंडी सळयांनी बडवला. पहिली सळई डोक्यात बसली असती तर बरं झालं असतं म्हणतो, ती चुकवायला खाली वाकला आणि उरलेल्या सात पाठीत बसल्या. कमरेखाली सगळं मेलंय, पण दंड असे की पलंगावरून खुर्चीत एका झटक्यात येतो. माझा पहिला मसुदा वाचून म्हणाला, "मॅडम, 'गेल्या चार आठवड्यांत चालताना त्रास झाला का?' झाला असता तर पेढे वाटले असते की!" तो प्रश्न मी बदलला.

वहिनी याच इमारतीत आहे. दुसऱ्या मजल्यावर. मी तिकडे जात नाही. माझे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही.

तुझी,
छोटी

२१ जानेवारी

दादा,

आज एका म्हाताऱ्याने माझं थोबाड फोडलं. हात न लावता.

उलटा अनुवाद करायला केंद्राने एक निवृत्त दुभाषी शोधलाय. सगळे त्यांना काका म्हणतात. न्यायालयात चाळीस वर्षं आरोपींचं बोलणं न्यायाधीशांना आणि न्यायाधीशांचं आरोपींना सांगण्यात गेली. आज बैठक होती. केंद्राच्या मुख्य डॉक्टरीणबाई, काका आणि मी. टेबलावर मूळ प्रश्नावली आणि तिच्या शेजारी काकांचा कागद. एकतीस प्रश्न सुरळीत गेले. काका मध्येच म्हणाले, "बाईंची भाषा झकास आहे हो. आजाऱ्यालाही भाषण केल्यासारखं वाटत नाही." मी फुलले.

मग बत्तिसावा.

मूळ प्रश्न असा आहे : गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला घरातल्या एखाद्या माणसाची भीती वाटली का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.

आणि काकांच्या कागदावर, म्हणजे माझ्या अनुवादात, होतं : गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला घरातल्या जिन्याची किंवा ओल्या फरशीची भीती वाटली का?

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. त्यांना वाटलं काकांची चूक. काकांनी माझा कागद पुढे सरकवला. त्यावर माझ्याच अक्षरात जिना होता, फरशी होती, आणि माणूस कुठेच नव्हता.

मी बोलायला लागले. तुला माहीत आहे मी कशी बोलते! आपल्या घरांत असं थेट विचारणं कसं उद्धट वाटेल, रुग्ण कसे बिचकतील, संस्कृतीचा विचार कसा करायला हवा. दहा मिनिटं बोलले. मला स्वतःलाच पटायला लागलं होतं. काका हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, मी खुन्यांचं बोलणं सांगितलंय. आईला कसं मारलं ते सांगणाऱ्या पोराचं सांगितलंय, जिभेला फोड येईल असं. एक शब्द कधी कमी केला नाही. तुम्ही माणूस उचलून बाजूला ठेवलात आणि तिथे जिना ठेवलात. कोणाचा जिना आहे हा?"

मी म्हटलं, दमले होते, चूक झाली. प्रश्न जसाच्या तसा करून दिला. बस्स, इतकंच.

हे तुला का सांगतेय कळत नाही. वकिलांना म्हणावं, घाई करू नका.

छोटी

९ फेब्रुवारी

दादा,

काल मी दुसऱ्या मजल्यावर गेले. गुडघे ठणठणीत आहेत.

प्रश्न विचारणाऱ्या आम्ही तिघी. नियम कडक आहेत. छापलंय तसंच वाचायचं, समजावून सांगायचं नाही, मान हलवायची नाही, उत्तर आलं की खूण करायची आणि रुग्ण वर काही बोललाच तर ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. ओळखीच्या रुग्णाला विचारायचं नाही, हा पहिला नियम. काल आमच्यातली एक तापाने आली नाही, तिची यादी माझ्या हातात आली. सातवी खाट. नाव वाचलं. यादी परत करायला हवी होती. मी केली नाही.

वहिनी खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. केस कापलेत तिचे. पार कानापर्यंत. मला पाहून दचकली नाही. "या वन्सं," म्हणाली, जशी घरी म्हणायची, चहा टाकू का अशा आवाजात. "फार दिवसांनी. पायऱ्या बऱ्याच आहेत ना इथे?"

मी वाचायला सुरुवात केली. रात्री वेदनेने जाग येते का? नेहमी. अंथरुणात कूस बदलायला मदत लागते का? कधीकधी. लघवी आवरता येते का? कधीच नाही. एकेक उत्तर ती खणखणीत देत होती, आणि मी खुणा करत होते, दादा, तुझ्या हाताने केलेल्या कामाची मोजदाद करत होते.

बत्तिसावा प्रश्न वाचला. घरातल्या एखाद्या माणसाची भीती.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "कधीच नाही. लिहा. माझ्याच शब्दांत लिहायचं असतं ना? मग लिहा, आमच्या घरची माणसं फार चांगली आहेत. नणंद तर भाषणं देते."

मी लिहिलं.

आता तू ऐक. त्या दिवशी तू तिला स्वयंपाकघरातून केसांना धरून ओढत आणलीस. वेणी मनगटाला दोन वेढे गुंडाळली होतीस. कारण काय, तर तिने तुला न विचारता नोकरीचा अर्ज केला होता. इस्त्रीच्या वायरचे वळ तिच्या मानेवर आधीच उठले होते. जिन्याच्या तोंडाशी तिने कठड्याला मिठी मारली. तू तिची बोटं एकेक करून सोडवलीस. घाई नव्हती तुला! करंगळी शेवटी राहिली. मग कमरेत लाथ घातलीस. चौदा पायऱ्या. तिसऱ्या पायरीनंतर तिने ओरडणं थांबवलं, बाकीचं नुसतं हाड आणि लाकूड. फरशी कोरडी होती. बादली तू नंतर ओतलीस.

मी दारात होते हे तुला माहीत आहे, कारण तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "घसरली ही." आणि मी मान हलवली. तासाभराने पोलिसांनी विचारलं तेव्हा तुझंच वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं, माझ्या सुंदर भाषेत, जिना आणि फरशीसकट. माझा पहिला चोरटा अनुवाद तो. बत्तिसावा प्रश्न दुसरा.

मी सभांमधून गर्जना करते की मारणाऱ्याइतकाच गप्प राहणारा दोषी. टाळ्या पडतात. त्या टाळ्या मी घरी आणून तुझ्या पायाशी ठेवल्या.

ठकू तुझ्याजवळ आहे. नऊ वर्षांची. तिचे केस आता किती वाढले असतील? मनगटाला एक वेढा बसेल एवढे?

दहा मार्चला मी येईन. पण काय बोलेन ते तुझ्या वकिलाने लिहून द्यायची गरज नाही.

२४ फेब्रुवारी

हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाकडं आहे, वाचताना त्रास होईल. होऊ दे.

माझं पत्र पोचलं हे तू सोळा तारखेला व्यायामाच्या हॉलमध्ये येऊनच कळवलंस. मी रुग्णांना कागद वाटत होते. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस, सरळ वहिनीच्या खुर्चीशी गेलास आणि ताब्याचा अर्ज मागे घेण्याचा कागद तिच्या मांडीवर टाकलास. "सही कर." ती म्हणाली, "नाही." एवढंच. तू खुर्ची मागून उचलून तिला जमिनीवर पालथी केलीस. पाय न हलणारी बाई फरशीवर पडते तेव्हा कसा आवाज येतो हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांच्या स्वप्नातला आवाज आहे तो.

मी मध्ये आले. ह्या खेपेला आले. तू माझं मनगट व्यायामाच्या दांडीवर ठेवून खाली दाबलंस, ओलं फडकं पिळावं तसं, आणि ते मोडेपर्यंत माझ्या डोळ्यांत बघत होतास. "फार बोलतेस तू, छोटे," म्हणालास. हाड मोडलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू रागावलेला नसतोस. रागाने मारणारा माणूस हात सुटल्यावर स्वतःच घाबरतो. तू हिशेबी आहेस.

पण एक चुकलास. तुला वाटलं लुळी माणसं आहेत, बघत बसतील. पहिला क्रेनवाला आला. त्याने तुझा दंड पकडला आणि आपल्या खुर्चीकडे असा खेचला की तुझं नाक त्याच्या कपाळावर फुटलं. मग बाकीचे आले. चार खुर्च्या, आठ मोठी चाकं, सगळी तुझ्या नडग्यांवर. कोणीतरी डंबेल फेकला. कोणीतरी तुझ्या मांडीला चावलं, कोण ते आम्ही पोलिसांना सांगितलं नाही. तुला पहारेकऱ्यांनी बाहेर काढलं, की वाचवलं? दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटलास म्हणे. तुझ्या शर्टाची एक बाही अजून क्रेनवाल्याकडे आहे. चाकं पुसायला घेतो.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटत नाही. तुझं रक्त फरशीवर पाहून मला भूक लागली. मीही तुझीच बहीण.

प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. अर्ध्या केंद्राने सगळं पाहिलं होतं, तरी नियम म्हणून विचारलं, "कसं लागलं?" आणि दादा, माझ्या तोंडून निघालं, "फरशी ओली..."

त्यांचं पेन थांबलं. माझी जीभ थांबली. बाजूला पट्टी कापणारी नर्ससुद्धा थांबली.

"माझ्या भावाने मोडला," मी म्हटलं. "लिहा. माझ्याच शब्दांत लिहा."

संध्याकाळी वहिनीच्या खाटेशी गेले. तिच्या हनुवटीला टाके पडले होते. मी सगळं सांगितलं. मी पाहिलं ते, मान हलवली ती, पोलिसांपुढचं. आणि जे तुलाही माहीत नाही तेही. पहिली चपराक स्वयंपाकघरात बसली तेव्हा मी आरशासमोर उद्याचं भाषण म्हणत होते. मला ऐकू आलं. मी थांबले नाही, आवाज वाढवला. ती जेवढी ओरडत गेली तेवढा वाढवला. शेवटी जिन्याशी धडपड ऐकली तेव्हा म्हणत म्हणतच दारापर्यंत आले.

तिने ऐकून घेतलं. मग मला कानाखाली मारली. त्या हातांना इथे वर्षभर व्यायाम दिलाय. मी खाटेच्या कडेला आपटले, ओठ फुटला. आजूबाजूच्या बायका उशा टेकवून उठून बसल्या.

"दुसरा गाल?" मी विचारलं.

"भाषण नको," ती म्हणाली. "जा तू आता. मला झोपू दे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला तू म्हणाली.

परवा पंधरवडा झाला म्हणून पुन्हा तेच प्रश्न घेऊन गेले. वेदना, नेहमी. कूस, कधीकधी. लघवी, कधीच नाही. सगळी उत्तरं तीच. बत्तिसाव्याला तिने माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हणाली, "नेहमी. आणि ठकूसाठी त्याहून जास्त, त्याला चौकट आहे का?" नव्हती. मी डाव्या हाताने शेजारी लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता पाहिला. सातव्या खाटेचं एक उत्तर ह्या टोकाकडून त्या टोकाला गेलेलं. "रुग्ण तीच, प्रश्न तोच, मग हे काय?" तेव्हा सांगावं लागलं की दोन्ही वेळा विचारणारी मीच, तिची नणंद. त्या एरवी चढ्या आवाजात बोलत नाहीत. काल बोलल्या. "पहिलं उत्तर तुम्हाला घाबरून दिलं तिने! तुम्हाला! कळतंय का?" मला मुलाखतींवरून काढलं. वहिनीचे दोन्ही कागद रद्द केले, फाडून टोपलीत. बरोबरच केलं.

म्हणजे तिचं "नेहमी" आता कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहून घेणारी एकच जागा उरली आहे, आणि तिथली तारीख दहा मार्च.

१४ मार्च

दादा,

हे तुला तुरुंगात मिळेल, आणि तुझ्याआधी तिथले लोक वाचतील. वाचू देत.

तू समोरच होतास, म्हणून काय झालं ते सांगत बसत नाही. तुझ्या वकिलाला वाटलं असेल मी तासभर झोडपेन, मग मध्ये शिरून मला तोडता येईल. मी सहा वाक्यं बोलले. सातवं विचारल्यावर बोलले : "होय, पोलिसांना मी खोटं सांगितलं होतं." त्याबद्दल माझ्यावरही खटला होईल म्हणतात. कॉलेजने घरी बसवलंय. दुभाषीकाका मागच्या बाकावर आले होते. बाहेर पडताना म्हणाले, "ह्यातलं काही गाळलं नाहीत." मला त्याहून मोठी टाळी कधी मिळाली नाही.

ठकूला वहिनीची बहीण घेऊन गेली. वहिनी केंद्रातून सुटेपर्यंत ती मावशीकडे राहील. तुझी जुनी फाइल पुन्हा उघडली, तुला न्यायालयाच्या पायऱ्यांवरच धरलं, आणि तू वळून माझ्याकडे बघितलंस, तसंच, त्या दिवशीसारखं. मी मान हलवली नाही.

मला वाटलं संपलं. फिटलं. काल मी केंद्रात गेले ते जवळजवळ मिरवत गेले.

ठकू वहिनीच्या खाटेवर बसून तिच्या पायांना तेल लावत होती. स्पर्श कुठे कळतो, कुठे नाही, हे तिने पेनाने रेघ मारून ठेवलंय. तिच्या हातावर, कोपराच्या वर, चार बोटांचे पिवळे पडलेले ठसे आहेत. वहिनीने ते पाहिलेत. मीही पाहिले. वहिनीचा वकील म्हणतो, त्याचीही नोंद होईल. एक वर्ष ठकू तुझ्या घरात होती, माझ्या चार वाक्यांमुळे.

"आत्या, मला तुझं भाषण येतं," ती एकदम म्हणाली.

"कुठलं गं?"

ती खाटेवरून उतरली, फरशीवर सरळ उभी राहिली, हात पाठीमागे. माझ्यासारखीच मान वर केली. "'बंधूंनो आणि भगिनींनो! ज्या घरात एका बाईचा आवाज दाबला जातो, त्या घराच्या भिंतींनाही जाब द्यावा लागेल. आम्ही ऐकतो आहोत. आम्ही पाहतो आहोत. आणि ज्या क्षणी तो हात पुन्हा उठेल...'"

वॉर्डमधल्या बायका कौतुकाने बघत होत्या. क्रेनवाला दारात आला होता, त्याने टाळी वाजवली. वहिनीने डोळे मिटले.

हे भाषण मी कुठेच केलेलं नाही. ज्या सभेसाठी ते पाठ करत होते, ती वहिनीच्या त्या दिवसानंतर मी रद्द केली होती.

"कधी शिकलीस हे?"

"त्या दिवशीच. मी टेबलाखाली होते. आई ओरडायला लागली, मग तू मोठ्याने म्हणायला लागलीस. मी कान आईकडून काढून तुझ्याकडे लावले. तू खूप मोठ्याने म्हणत होतीस ना, म्हणून मला आई ऐकूच आली नाही." मग म्हणाली, "नंतर मी रोज म्हणायचे. बाबा खोलीत आले की मनातल्या मनात."

मी खाटेच्या कडेला टेकले.

"पण तू तिथेच थांबलीस," ठकू म्हणाली. "मग जिन्यावर आवाज झाला. पुढचं मला येतच नाही."

तिने माझा प्लास्टरचा हात धरून हलवला.

"आत्या, पुढचं म्हण ना."

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. दादा, मला पुढचं आठवेना.